मोकळेपणाने बोला

रोझलिन त्या सकाळी त्याला ‘सर’ म्हणाली. झालं ते एवढंच. दिनानाथ जिना चढून वर आला तेव्हा ती कूलरपाशी बाटली भरत उभी होती. तिनं वळून बघितलं, बाजूला होऊन वाट दिली आणि म्हणाली, ‘‘गुड मॉर्निंग, सर.’’ त्यानंही गुड मॉर्निंग म्हटलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. केबिनमध्ये येऊन खुर्चीवर बसल्यावर रुमालानं मान पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी लागलंय. ठेच लागली की आधी नुसतं बधिर होतं, कळ मागून येते, तसं. पहिल्या दिवसापासून ती त्याला दिनादादा म्हणत आली होती. सर म्हणणारे बाकीचे पुष्कळ होते. त्यांच्या तोंडी तो शब्द म्हणजे नुसता आवाज होता, दार उघडताना बिजागरीचा होतो तसा. रोझलिनच्या तोंडी तो शब्द ठरवून आलेला होता. ती तो घरून निघताना बरोबर घेऊन निघाली असेल, निर्मळहून येणाऱ्या रिक्षात मांडीवर पर्स ठेवते तसा ठेवून इथवर आणला असेल, असं त्याला वाटत राहिलं. मग तो स्वतःची समजूत घालू लागला. कूलरपाशी ती नवी मुलगी उभी होती, तिच्यासमोर कशाला दादा-बिदा, म्हणून म्हणाली असेल. पण नवी मुलगी खरंच उभी होती का, हे त्याला आठवेना. काचेतून त्यानं बाहेर पाहिलं. रोझलिन जागेवर जाऊन बसली होती, कानांवर हेडफोन चढवले होते, आणि तिच्या शेजारची आग्नेलची खुर्ची कुणीतरी टेबलाच्या आत नीट सरकवून ठेवली होती.

आग्नेल तिचा धाकटा भाऊ. त्याला कालच कामावरून कमी केलं होतं.

दिनानाथला ते काल दुपारीच कळलं होतं. मालकांचा, भूपेशभाईंचा, अंधेरीच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा तो डबा उघडत होता. आग्नेलला सकाळी अंधेरीला बोलावून घेतलं आणि काम उरकलं, असं ते म्हणाले. दिनानाथ म्हणाला, असं कसं, भूपेशभाई? त्यावर ते काहीतरी बोलले, क्लायंटबद्दल, शिस्तीबद्दल, आणि दिनानाथनं ठीक आहे म्हटलं. ठीक आहे हे शब्द आपण उच्चारले याचं त्याला फोन ठेवल्यावर नवल वाटलं होतं. डब्यातली भाजी त्यानं खाल्ली होती. भाजी कसली होती हे मात्र आज सकाळी त्याला सांगता आलं नसतं.

कंपनी सुरू झाली तेव्हा असं नव्हतं, हे वाक्य मनात आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची; म्हातारी माणसं बोलतात तसं ते वाक्य होतं. पण खरोखरच नव्हतं. तो वसईजवळच्या उमेळ्याचा, खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचा मुलगा. घराण्यातला पहिला बीएस्सी. अंधेरीला औषधांच्या कंपनीत वर्षानुवर्षं काढली, तिथंच भूपेशभाईंशी ओळख झाली. भूपेशभाईंचे मेव्हणे अमेरिकेत. तिथले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिगत यंत्रात बोलून ठेवतात, तो आवाज इंटरनेटवरून इकडे मागवायचा, ऐकून टाइप करायचा आणि परत पाठवायचा, असा धंदा. माणसं कुठून आणणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा दिनानाथच म्हणाला होता, वसईत या. आमच्याकडच्या पोरी कॉन्व्हेंटात शिकलेल्या आहेत, इंग्रजी घरच्यासारखी बोलतात आणि नोकरीसाठी अर्धा जन्म प्रवासात घालवतात. गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मजला घेतला. खाली बटणांचा कारखाना होता, तापलेल्या प्लास्टिकचा वास दिवसभर जिन्यातून वर यायचा आणि केसांत बसून घरी जायचा. रोझलिन तुस्कानो प्राथमिक शाळेत शिकवत होती. वडिलांना बरोबर घेऊन आली मुलाखतीला. दिनानाथनं टेप लावली. आधीच्या उमेदवारांना त्या आवाजातला एक शब्दही कळला नव्हता. रोझलिननं डोळे मिटले, मान थोडी कलती केली, आणि डॉक्टर जे पुटपुटत होता ते त्याच्या मागोमाग हळूहळू म्हणत गेली. संपल्यावर डोळे उघडून म्हणाली, हा माणूस बोलताना काहीतरी खातोय, म्हणून ऐकू येत नाही. सगळे हसले. त्या डॉक्टरला पुढे पेरूवाला असंच नाव पडलं. दुसरा एक घाईवाला होता, आणि एक आजोबा होते, फार दमलेल्या आवाजाचे, त्यांची फाइल आली की मुली आपापसात सांगायच्या, आज आजोबांना बरं वाटतंय हं.

एखादा शब्द अडला की काय व्हायचं, ते आठवलं की दिनानाथच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. अडलेली मुलगी नुसता हात वर करायची. मग खुर्च्या सरकायच्या, सगळी डोकी एका मशीनभोवती गोळा व्हायची, हेडफोन या कानावरून त्या कानावर जायचा. कुणाला तो आजार वाटायचा, कुणाला गोळीचं नाव, कुणाला डॉक्टरच्या कुत्र्याचं. दिनानाथही केबिनमधून उठून यायचा. तेव्हा केबिनला काच नव्हती, नुसता प्लायवूडचा आडोसा होता. आणि मग कुणाला तरी, बहुतेक वेळा रोझलिनला, तो शब्द सापडायचा. मांजराचं पिल्लू सापडावं तसा आनंद व्हायचा सगळ्यांना. किती साध्या गोष्टीचा आनंद. त्या आनंदापायी माणसं ताप अंगावर काढून कामावर यायची. दिनानाथचे वडील गेले तेव्हा सगळा मजला उमेळ्याला आला होता, आणि रोझलिन त्याच्या आईजवळ भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती. आई अजून ते सांगायची.

मग कधीतरी ते सुटायला लागलं. नेमकं कधी, ते त्याला पकडता यायचं नाही. अमेरिकेतल्या क्लायंटनं निम्मं काम दुसऱ्या कुणाला दिलं, तेव्हापासून असेल. भूपेशभाई दर आठवड्याला यायला लागले. दारावर वॉचमन बसला आणि घरी जाताना पोरींच्या पर्सा उघडून बघायला लागला. छताला कॅमेरे लागले. ते लागले तेव्हा दिनानाथनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे आपल्यासाठी नाहीत, बाहेरच्यांसाठी आहेत. त्याची तशी खरोखरच समजूत होती. नंतर त्यानं मान वर करून नीट पाहिलं तर एकाही कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे नव्हतं. मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घातलं, कीबोर्डवरचा हात थांबला की ते वेळ मोजायचं. हात वर करणं बंद झालं. खुर्च्या सरकेनाशा झाल्या. शब्द अडला की तिथं रिकामी जागा सोडून पुढे जायचं. नव्या पोरी पुरतं शिकवल्याशिवायच कामाला बसवल्या जात आणि त्यांच्या कागदात रिकाम्या जागाच फार असत. दिनानाथ काचेआडून बघायचा. रांगेनं पाठी दिसायच्या. कधी कधी फाइल आलेली नसतानाही पोरी हेडफोन चढवून बसलेल्या असायच्या, कुणी काही विचारू नये म्हणून.

ती बैठक झाली दसऱ्यानंतर. भूपेशभाईंनी समोसे मागवले. आपण एक फॅमिली आहोत, मनात काही ठेवायचं नाही, आज मालक-नोकर कोणी नाही, असं बोलले. कुणीच बोलेना. भूपेशभाईंनी दिनानाथकडे पाहिलं, तुमची माणसं आहेत, तुम्हीच बघा, अशा नजरेनं. तो उठला. तेव्हा त्याला खरंच आशा वाटली होती, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. आज बोललं गेलं तर कदाचित सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्या क्षणी त्याला मनापासून वाटलं होतं.

‘‘मोकळेपणाने बोला,’’ तो म्हणाला. ‘‘इथलं इथंच राहील. मी आहे ना.’’

मग त्याची नजर आग्नेलवर गेली. आग्नेल त्याच्याकडेच बघत होता. बोलू का, असं डोळ्यांनी विचारत होता. दिनानाथनं हो म्हणून मान हलवली. आग्नेल उभा राहिला आणि बोलला. भांडल्यासारखा नाही, चर्चमध्ये वाचन करायला उभं राहतात तसा, दोन्ही हात समोर धरून. बाथरूमला गेलं तरी त्याचा हिशेब होतो, असं तो म्हणाला. शब्द अडला तर शेजारच्याला विचारायची सोय उरली नाही, रिकाम्या जागा तशाच पुढे जातात, आणि त्या कागदाच्या पलीकडे कुणीतरी आजारी माणूस असतो. शेवटी म्हणाला, ‘‘आम्ही चोर नाही.’’ आणि खाली बसला. भूपेशभाईंनी टाळ्या वाजवल्या. व्हेरी गुड, असा स्पिरिट पाहिजे, म्हणाले. मग सगळ्यांनी समोसे खाल्ले.

त्या संध्याकाळी भूपेशभाईंनी त्याला गाडीतून नाक्यापर्यंत सोडलं. वाटेत सहज विचारल्यासारखं विचारलं, तो मुलगा कोण? दिनानाथला आतून काहीतरी टोचलं. मुलाला जपायला हवं, असं वाटलं. तो म्हणाला, ‘‘पोरगा चांगला आहे हो. जरा तापट आहे एवढंच. मनावर घेऊ नका.’’ तापट. हा शब्द कुठून आला? आग्नेलला त्यानं कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. एखाद्याच्या बोलण्याचं वजन कमी करायचं असलं की माणसं असे शब्द वापरतात, घरात, गावकीत, सगळीकडे. दिनानाथच्या स्वतःच्या वडिलांनीही त्याच्याबद्दल चार माणसांत वापरले होते. त्याला वाटलं, हा शब्द आग्नेलवर पांघरूण म्हणून पडेल. पण अंधेरीला आग्नेलला समोर बसवून सांगण्यात आलं की तुमच्याच सेंटर हेडचं, दिनानाथजींचं, मत आहे, तुम्ही तापट आहात, चार माणसांत काम करणं तुम्हाला जमायचं नाही.

‘सर’ म्हणाली त्याच सकाळी त्यानं रोझलिनला केबिनमध्ये बोलावलं. ती दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. तो म्हणाला, आग्नेलचं जे झालं… ती पुढचं ऐकायला थांबली, पण पुढचं त्याच्यापाशी नव्हतंच. तिनं शांतपणे विचारलं, कामाचं काही आहे का. कारण तिची फाइल उघडी होती आणि वेळ मोजला जात होता. तो नाही म्हणाला. ती गेली. तिनं दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते मुठीनं धरून, अजिबात आवाज होऊ न देता लावलं.

डिसेंबर आला. दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी रोझलिन डबा भरून तळलेले गोड फुगे आणि सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन उमेळ्याला यायची. यंदा आली नाही. आईनं दोन दिवस वाट पाहिली असावी. तिसऱ्या दिवशी ओटीवर तांदूळ निवडता निवडता तिनं मान न उचलताच विचारलं, ‘‘रोझलिन नाय आली रं यंदा? कोनी आजारी हाय का तिच्या घरात?’’ तो म्हणाला, काम फार आहे सध्या. आई म्हणाली, ‘‘काम तर आदीपन व्हतं.’’ त्यावर तो उठून विहिरीकडे गेला आणि उगाचच पंप चालू करून पाण्याकडे बघत उभा राहिला. पाणी जोरात येत होतं आणि झाडांच्या आळ्यातून वाट फुटेल तिकडे पळत होतं. त्याला ते बंद करायचं भान राहिलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी तो निर्मळला गेला. स्कूटर वाडीच्या तोंडाशी लावली आणि केळींमधून चालत आत गेला. चालताना तो मनात वाक्यं जुळवत होता. प्रत्येक वाक्य ‘मी तसं’ या शब्दांनी सुरू होत होतं. रोझलिनचे वडील, इग्नेशियसकाका, अंगणात नागवेलीची पानं एकावर एक रचत बसले होते. त्यांनी ओळखलं, खुर्ची आणायला सांगितलं. खुर्ची आणली ती आग्नेलनंच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाण्याचा तांब्या देताना त्यानं विचारलं, आई कशी आहे? दिनानाथला वाटलं, हा पोरगा चिडला असता तर आपण इथं बसू तरी शकलो असतो. आग्नेलला भाईंदरला एका कुरियर कंपनीत काम मिळालं होतं. बरं आहे म्हणाला, फिरतीचं आहे, बसून राहावं लागत नाही. मग तो पुन्हा वाडीत निघून गेला, आणि काकाही पानांची टोपली उचलून मागच्या बाजूला गेले. रोझलिन बाहेर येऊन पायरीवर बसली. सकाळी चर्चमध्ये मिस्साला नेसलेली साडी अजून तिच्या अंगावर होती.

‘‘मी तसं म्हटलं नव्हतं,’’ दिनानाथ म्हणाला. ‘‘त्याला वाचवायला म्हणून म्हणालो होतो.’’

‘‘तुम्ही गाडीत काय म्हणालात त्याचं मला काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माणूस बोलून जातो. पण त्या दिवशी आग्नेलनं तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं. तो बोलून खाली बसला, तेव्हा मी पुन्हा तुमच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तुम्ही समोशाच्या बशीकडे बघत होता.’’

त्याला ती बशी आठवली. तिच्या काठावर चटणीचा ओघळ होता. म्हणजे ती म्हणते ते खरं होतं. एवढ्या बारकाईनं आठवणारी दुसरी कुठलीच गोष्ट त्या बैठकीतली त्याच्यापाशी नव्हती.

‘‘आम्हाला काही बोलायचंच नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही मागितलंत म्हणून दिलं.’’ मग ती उठली आणि चहा टाकू का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला असता तर तिनं टाकला असता, हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो नको म्हणाला. उन्हाळ्यात तिनं नोकरी सोडली. जूनपासून पुन्हा शाळेत शिकवायला लागली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेताना त्याच्यापाशीही आली, हात जोडले, काळजी घ्या म्हणाली. तिच्या जागी चंदनसार गावची एक मुलगी आली. दिनानाथला तिचं नाव बरेच दिवस लक्षात राहत नव्हतं.

पावसाळा सरता सरता भूपेशभाईंनी पुन्हा तशीच बैठक ठरवली. नवं वेळापत्रक यायचं होतं, सुट्ट्या कमी होणार होत्या, आणि लोकांच्या मनात काय आहे ते आधीच कळलेलं बरं, असं ते फोनवर म्हणाले. सुरुवात तुम्हीच करा, दिनानाथजी, तुम्ही बोललात की माणसं खुलतात. फोन ठेवल्यावर दिनानाथला पहिल्यांदाच काय करायचं ते स्पष्ट दिसलं. त्यानंतरचे दिवस तो स्कूटरवरून येता-जाता एकच भाषण मनाशी घोळवत होता. माझी चूक झाली, असं त्यात होतं. आग्नेलचं नाव होतं. तुम्ही मला शब्द मागू नका, माझ्या शब्दात आता काही राहिलेलं नाही, असं होतं. नोकरी जाईल याचीही त्यानं तयारी केली. आईला सांगितलं की कदाचित आता घरीच बसेन, भात बघेन. ती म्हणाली, बघ की.

बैठकीत निम्मी माणसं जुनी, निम्मी नवी. भूपेशभाई बोलून बसले. दिनानाथ उठला. समोरचे सगळे चेहरे एकाच वेळी त्याच्याकडे वळले आणि मनाशी घोळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. पूर्वीच्यांपैकी जयवंतीताई तेवढ्या पुढे बसल्या होत्या, तुळिंजहून येणाऱ्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या. त्याला एवढंच वाटलं की या माणसांना कसंही करून थांबवलं पाहिजे, आत्ता, कुणी उभं राहायच्या आत.

‘‘आज कोणी काही बोलू नका,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच कोरडा वाटला. ‘‘मागच्या वेळी जो बोलला त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पुन्हा तसं झालं तर मी काही करू शकणार नाही.’’

तो खाली बसला. भूपेशभाईंनी नवं वेळापत्रक वाचून दाखवलं, आणि सगळी माणसं रांगेनं आपापल्या जागेवर गेली. आता बोलावणं येईल म्हणून तो केबिनमध्ये उभाच राहिला होता. भूपेशभाई स्वतःच आत आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘मला वाटायचं तुम्ही नरम आहात. अच्छा किया. एकदा स्पष्ट सांगून टाकलेलं बरं असतं, मग माणसं लाइनवर राहतात.’’ दिनानाथनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खरोखरच खूश होते. तसं नव्हतं, असं तो म्हणणार होता. पण मग कसं होतं, हे भूपेशभाईंना समजावून सांगायचं तर बाहेरच्या चाळीस-पन्नास पाठींना आधी समजावं लागलं असतं.

संध्याकाळी जयवंतीताई दारात आल्या. पर्स छातीशी धरलेली. म्हणाल्या, ‘‘सर, माझी मुलगी बारावीला आहे. मी मागच्या वेळीही काही बोलले नव्हते.’’ तो घाईघाईनं म्हणाला की तुम्ही चुकीचं समजलात, मी तुम्हा लोकांसाठीच म्हणालो. हो, हो, तसंच, असं त्या म्हणाल्या; समजूत काढल्यासारखी मान हलवली. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, ‘‘मागच्या जिन्यात आम्ही चौघी-पाचजणी डबा खातो ना, तिथं कॅमेरा नाही म्हणून. नुसत्या पोरींच्या गप्पा असतात हो, दुसरं काही नाही. पण तुमच्या कानावर आलं असेल. उद्यापासून जागेवरच खाऊ.’’

त्याच्या कानावर काहीच आलं नव्हतं. मागच्या जिन्यात कुणी बसतं, तिथं अजून गप्पा होतात, हसतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

‘‘खा की जिन्यात,’’ तो म्हणाला. ‘‘जयवंतीताई, मी सांगतो ना.’’

‘‘नको, सर,’’ त्या म्हणाल्या आणि थँक यू म्हणून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो उठला, सगळ्यांच्या पाठीमागून चालत गेला आणि मागचं दार ढकलून पाहिलं. इतक्या वर्षांत तो या बाजूला कधी आला नव्हता. जिन्याला उंचावर एक जाळीची खिडकी होती आणि तिच्यातून चिंचोटीच्या बाजूचा डोंगर दिसत होता, वर ढग टेकलेले. पायऱ्यांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तुकडे बसायला मांडलेले होते, मधोमध दबून गुळगुळीत झालेले. कालच्या डब्यांतल्या लसणीचा खमंग वास अजून हवेत होता. कठड्यावर कुणीतरी पेनानं डॉक्टरांची चित्रं काढली होती, एकाच्या तोंडात भला मोठा बर्गर होता. हे नवे डॉक्टर होते, त्याला माहीत नसलेले. तो वाकून बघत होता तेवढ्यात खालच्या मजल्यावरून चपलांचा आवाज वर येऊ लागला, डब्याची कडी वाजत होती. आजपासून इथं बसायचं नाही, हे येणारीला बहुधा कुणी सांगितलं नसावं. वळणावर ती दिसली, चंदनसारची नवी मुलगी, हातात डबा, ओठांवर कुठल्याशा गाण्याची गुणगुण. तिनं वर पाहिलं. दिनानाथनं हसून एका बाजूला सरून पुठ्ठ्याकडे हात केला, बस म्हणून. मुलगी तिथंच थांबली. तिनं डबा पदराआड घ्यावा तसा ओढणीखाली घेतला, सॉरी सर म्हणाली, आणि आल्या पावली खाली उतरून गेली.